गॅसखोलीवरचा माणूस

शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात तो गॅसखोलीवर लागला, तेव्हा त्याला मिशाही नीट फुटल्या नव्हत्या. पाण्यात क्लोरीन सोडायचा, रिकामे सिलिंडर बदलायचे आणि कुठे गळती होत नाही ना हे बघायचं, एवढंच काम. गळती ओळखणारं यंत्र भिंतीवर होतं, पण ते बंद पडून युगं लोटली होती. त्याची उणीव याचं नाक भरून काढायचं. दारात पाऊल ठेवताच म्हणायचा, "डावीकडचा रडतोय." आणि तो सिलिंडर खरंच गळत असायचा. सोबती त्याला नाकोबा म्हणत.

मग एका सकाळी जुन्या सिलिंडरची चावी फिरवता फिरवता तुटली. हिरवट-पिवळा धूर अंगावर आला. मास्कचा पट्टा सैल होता. पळून जाता आलं असतं, पण भिंतीपलीकडे पंपावरची माणसं होती. त्याने चाचपडत सिलिंडरच्या तोंडावर टोपण आवळलं आणि रांगतच बाहेर आला.

कामावर इजा झाली तर उपचार खात्याचे, पण खात्याच्या डॉक्टरांमार्फतच, असा नियम होता. त्यांनी छाती तपासली, डोळ्यांत थेंब घातले आणि थोड्याच दिवसांत सांगितलं, "उतरला गॅस. फिट." त्यालाही हायसं वाटलं.

एके दिवशी बायको शेजारणीकडून परतली, तर घरभर धूर. शेगडीवर दूध करपून पातेलं कोळसा झालेलं आणि हा शेगडीजवळच पाठमोरा बसून चपलेचा अंगठा शिवतोय.

"अहो, नाक आहे की शोभेला ठेवलंय?" ती हसत ओरडली. मग त्याचा चेहरा बघून तिचं हसू विरलं.

तिने कांदा कापून त्याच्या नाकाखाली धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास नाही. मग साबण, मग फिनेलची बाटली. काहीच नाही.

"कधीपासून?"

"दवाखान्यातून आल्यापासून. वाटलं, येईल परत."

"आणि असे त्या खोलीत जाता तुम्ही?"

त्याने चपलेत पुन्हा सुई खुपसली. रात्रीचा खोकलाही आता तिच्या ध्यानात येऊ लागला. कोरडा, खोलवर खरवडणारा.

दुसऱ्याच दिवशी ती त्याला घेऊन खात्याच्या डॉक्टरांपुढे उभी राहिली.

"वास येत नाही हे मी मोजू कशाने, बाई?" डॉक्टर म्हणाले.

"मग ज्याला मोजता येतं त्याच्याकडे पाठवा."

"तसं पाठवायचं तर हे कामामुळे झालं असं लिहावं लागेल. आणि मी तर यांना फिट लिहून बसलोय." ते वाईट माणूस नव्हते. नजर मात्र त्यांनी वर उचलली नाही.

केंद्राचे अभियंता साहेब म्हणाले, "तज्ज्ञाचं पत्र आणा, लगेच बदली करतो." पदरमोड करून तज्ज्ञाकडे जावं, तर तो म्हणाला, "कामावरची इजा ना? खात्याची मंजुरी आणा. उगाच उद्या माझ्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळ नको." आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना, अशी गत झाली.

तो कामावर जात राहिला. खोली तीच, पण आता मुकी झालेली. काहीबाही निमित्त काढून तो पंपवाल्याला आत बोलवायचा, "जरा हे धर रे," आणि त्याचा चेहरा वाचायचा. पंपवाला आला नाही तर एकटाच सिलिंडरांपुढे बसायचा. घरी बायको दारावर डोळे लावून असायची.

एकदा केंद्रातला माळी सहज म्हणाला, "नाकोबा, तुमच्या खिडकीखालचीच झाडं कशी हो जळतात?"

त्याने जाऊन पाहिलं. खिडकीखालची सगळी पानं कडेने पांढरी पडून चुरगळली होती. गळती होती. बारीक, पण कितीतरी दिवसांची. आणि तो रोज तिथेच बसून डबा खात होता.

तो तडक साहेबांकडे गेला. "मी आत जाणार नाही. मला वास येत नाही, साहेब. एखाद्या दिवशी अख्खी वस्ती झोपेल."

"कामाला नकार दिलात तर निलंबन होईल," साहेब म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तो माळी रिकामाच असतो. त्याला लावू."

त्याने पुढे वाद घातला नाही. गॅसखोलीत गेला, श्वास रोखून मुख्य चावी बंद केली, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घालून बाहेर पायरीवर बसला. क्लोरीन थांबला, तसं शहराला जाणारं पाणीही थांबवावं लागलं. इतके महिने इकडे न फिरकलेल्या साहेबलोकांच्या मोटारी दुपारपर्यंत फाटकात उभ्या राहिल्या. वरच्या साहेबांनी रुमाल नाकाला लावला आणि दारातूनच मागे फिरले. गळका सिलिंडर बदलला गेला. तज्ज्ञाची मंजुरी त्याच संध्याकाळी आली. यंत्र मात्र बंद ते बंदच राहिलं.

तज्ज्ञाने फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर बराच वेळ धरला. "नाक गेलं ते गेलं. छातीत व्रण झालेत. सुरुवातीलाच आला असतात तर..."

"सुरुवातीलाच आलो होतो," बायको म्हणाली.

त्याला भांडारात बसतं काम मिळालं. जिना चढताना मध्ये थांबावं लागायचं. गॅसखोलीवर माळ्याची नेमणूक झाली होती आणि तो बढती मिळाल्यासारखा खूश होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत हा त्याला भेटायला गेला. उंबऱ्याच्या आत मात्र गेला नाही.

"वास आला की पळायचं बरं का. शूरपणा करायचा नाही."

"आधी यायचा थोडा थोडा," माळी म्हणाला. घसा खाकरून त्याने डबा उघडला. "आता कित्येक दिवसांत नाही. गळती थांबली असणार."

त्याने माळ्याच्या हातातला डबा काढून घेतला. "ऊठ."

"अहो, जेवू तर द्या!"

"नंतर जेव. आधी चल." मनगट घट्ट धरून त्याने माळ्याला आवाराबाहेर काढलं. खात्याच्या दवाखान्याचं दार लोटलेलं होतं. आत डॉक्टर कुणाशी तरी हसत बोलत होते. शिपाई म्हणाला, "बसा बाकावर. साहेबांना वेळ लागेल."

माळी बसला. तो मात्र उभाच राहिला आणि त्याने दार ढकललं.