गौरीसाठी आघाडा

मंडळी, आज पाय गळून गेलेत. उद्या गौरी येणार, आणि मला अख्ख्या धारमध्ये आघाड्याची एक काडी मिळेना. ऑफिस सुटल्यावर तीन कॉलन्या पायी पालथ्या घातल्या. जिथे बघावं तिथे फरशी.

शेवटी नालछ्याहून येणाऱ्या भाजीवालीला विचारलं. ती हसलीच. "भाभी, आंधीझाड़ा तो तुम्हारे ही आँगन में था! बकरी के लिए मैं वहीं से ले जाती थी."

खरंय. त्याच्या काटेरी बिया साडीला चिकटायच्या, म्हणून गेल्या दिवाळीत मीच अंगणात सिमेंट करून घेतलं.

तुमच्यापैकी कुणाच्या अंगणात माती उरलीय का हो?

घरी येऊन सवयीने साडीचा काठ झटकला. एकही बी चिकटलेली नव्हती.