थकलेल्या पाण्याचं वरण

भोपाळच्या आमच्या कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तुरीची डाळ शिजत नसे. नागपूरकडून बदलून आलेल्या घरातली बाई पहिल्याच आठवड्यात हा शोध लावी आणि मग नवऱ्याच्या निवृत्तीपर्यंत तेच सांगत राही. माझी बायको त्यांतलीच. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवायचो, त्यामुळे वरणात दाणे राहिले की जाब मला विचारला जाई.

कारखान्याची एक गृहपत्रिका निघायची. हिंदी पखवाड्याच्या, म्हणजे सरकारी हिंदी पंधरवड्याच्या, अंकाची पानं भरेनात, तेव्हा संपादकांनी मला पकडलं. मी एका बैठकीत डाळीचा निकाल लावून टाकला. भोपाळ उंचावर, हवेचा दाब कमी, म्हणून ‘पानी थककर उबल जाता है और दाल कच्ची रह जाती है.’ पुस्तक उघडलं नाही, थर्मामीटर बुडवला नाही. नाव छापलं नव्हतं, खाली नुसतं ‘एक विज्ञान शिक्षक’. ते थकलेलं पाणी मला इतकं आवडलं, की बायकोला मी ते दोनदा वाचून दाखवलं.

ती म्हणाली, “पाणी थकतं होय? आणि मी?”

पाचसहा वर्षांनी वरून फर्मान आलं, की मुलांना नुसतं पाठ करायला लावू नका, वेगवेगळ्या ठिकाणची माहिती ताडून पाहायला शिकवा. मी लगेच आठवीला प्रश्न घातला, आपली डाळ का शिजत नाही? तीन ठिकाणची माहिती आणा आणि तुलना करा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत नियमही लिहिला, ‘तीनों मिल जाएँ तो बात पक्की.’ हा नियम माझ्या स्वतःच्या डोक्यातून निघाला होता. दहा गुणांचं काम होतं, आणि सर्वांत चांगली दोन मुलं टी. टी. नगरच्या विज्ञान प्रदर्शनाला जाणार होती.

टाउनशिपची मुलं टाउनशिपबाहेर कशाला जातील? वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनी तेच तीन कागद आणले. गृहपत्रिकेचा जुना अंक, महिला मंडळाची पाककृतींची पुस्तिका आणि सहकारी स्टोअरचं कॅलेंडर, ज्याच्या पानांमागे घरगुती सल्ले छापलेले असत. तिन्हींत पाणी थकून उकळत होतं. मी बाकांमधून फिरत होतो आणि जागोजागी मीच मला छापील भेटत होतो. छाती अशी फुगली होती, की शर्टाच्या बटणांची काळजी वाटावी.

तिसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. वडील कारखान्याच्या बॅटरी रूममध्ये टेक्निशियन, घर मूळचं अमरावतीकडचं. वर्गात सगळे बोलत तसं ती हिंदीतच बोलली.

“सर, ये तीन नहीं हैं. एक ही है.”

“मतलब?”

“पानी थकता है, ऐसा कौन बोलता है सर? किसी एक ने लिखा, बाकी दोनों ने उतार लिया.”

वर्ग हसला. त्याच क्षणी म्हणायला हवं होतं, की बाळ, पाणी थकवणारा तो गाढव मीच. त्याऐवजी मी म्हणालो, “यानी सब गलत और तू अकेली सही? बैठ.”

ती बसली. तिच्या कागदावर आणखी चार ओळी होत्या. पाठ्यपुस्तकात उंच पहाडांविषयी लिहिलंय, आपण पहाडावर राहत नाही. म्हणून घरी दोन भांड्यांत डाळ लावली. एकात नळाचं पाणी, एकात बॅटरी रूममधलं डिस्टिल्ड. डिस्टिल्डमधली शिजली, नळाची शिजली नाही. ‘दोनों बर्तन एक ही ऊँचाई पर थे.’

मी त्यावर लाल शाईनं ‘विषय से हटकर’ लिहिलं आणि दहापैकी तीन दिले. प्रदर्शनाला दोन मुलगे निवडले. एकाचे वडील मोठे साहेब होते, दुसऱ्यानं कागदावर आखलेला समास सुंदर होता.

संध्याकाळी हे सगळं गंमत म्हणून बायकोला सांगितलं. ती हसली नाही. “मग तुम्ही करून बघितलं का?”

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेतून डिस्टिल्ड पाण्याची बाटली घरी आणली. बायको नाक मुरडत म्हणाली, “माझ्या पातेल्यात करू नका हं ते!” जुन्या भांड्यात केलं. डाळ अशी मऊ झाली, की चमच्यानं दाबायचीही गरज उरली नाही. आमच्या नळाचं पाणी जड, क्षारांचं होतं, एवढीच गोष्ट. बादल्यांच्या तळाशी बसलेला पांढरा थर मी रोज बघत होतो. मला माझी किळस आली. चुकलो म्हणून नव्हे. चुका मी भरपूर केल्यात आणि चवीनं सांगितल्याही आहेत. चूक पकडणारीला मी तीन गुण दिले होते, आणि ते देताना मला बरं वाटलं होतं.

सकाळी मुख्याध्यापकांकडे गेलो. तिचं नावही यादीत घाला म्हणालो. त्यांनी मान वर केली नाही. “लिस्ट टाइप हो चुकी है. कारण लिखकर दीजिए, फिर देखेंगे.”

स्टाफरूममध्ये कागद घेऊन बसलो. कारण एका ओळीचं होतं. माझा लेख चुकीचा, तोच दोघांनी उतरवला, मी वर्गात गप्प बसलो आणि मुलीला दाबलं. पेन टेकवलं. समोर दोन सहकारी चहा पीत होते, त्यांतल्या एकाच्या बायकोनंच पाककृतींची पुस्तिका काढलेली. मी लिहिलं, ‘गुणों का योग करने में त्रुटि हुई. तीन के स्थान पर नौ पढ़ा जाए.’ सही केली. सही मात्र झोकदार आली.

ऑफिसात नेऊन द्यायला मी तो अर्ज तिच्याच हातात दिला. हाही शहाणपणा माझाच. तिनं व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचला. आसपास कोणी नव्हतं, म्हणून असेल, मराठीत म्हणाली, “सर, टोटल तर बरोबरच होतं. तुम्ही मार्कच तेवढे दिले होते.”

“जा, देऊन ये. बस आठ वाजता निघते परवा.”

“म्हणजे मी जाऊ?”

“जा.”

ती दोन पावलं गेली आणि थांबली. “तिथे विचारलं, माझं नाव मागून कसं आलं, तर काय सांगू?”

मी म्हणालो, “सरांची बेरीज चुकली म्हण.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग कागदाची घडी घातली आणि गेली.