मामांची चूक कुणी काढेना

लखनौ शहरात माझ्या मामेसासऱ्यांइतका नेमका माणूस दुसरा नाही, असं मी ठामपणे सांगते. त्यांच्यासमोर मात्र हे म्हणायची सोय नाही, कारण ते लगेच विचारतील, "सगळं लखनौ तपासलंस का, सूनबाई?" मामा मूळचे साताऱ्याचे. रेल्वेच्या सिग्नल खात्यात इंजिनिअर म्हणून इकडे आले, निवृत्त झाले आणि इंदिरा नगरातच राहिले. आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत. दिवसा त्यांनी सिग्नलचे दिवे सांभाळले आणि अंधार पडला की गच्चीवर दुर्बीण घेऊन ताऱ्यांचे. काही तारे आपणहून मंद होतात नि पुन्हा उजळतात. असे मोजके तारे त्यांनी हेरून ठेवले होते. शेजारच्या, न बदलणाऱ्या ताऱ्यांशी ते ताडून पाहायचे, तेज आकड्यात लिहायचं आणि खाली येऊन मामींची बोलणी खायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा क्रम.

या नादामुळे मामांचं साधं बोलणंही मोजमापाचं झालं. "किती वाजता याल?" असं विचारलं तर "सहा, अधिक-उणे दहा मिनिटं." मामींनी आमटी कशी झालीय विचारलं तर "चांगली. खात्री मध्यम." यावर मामी म्हणतात, "उद्या स्वतः करा, म्हणजे खात्री पूर्ण होईल." दारावरच्या सब्जीवाल्याला तर त्यांनी पार नमवलाय. लौकी, म्हणजे आपला दुधी, आहे का विचारल्यावर तो बिचारा सवयीनं "नहीं है, बाबूजी" म्हणाला. मामांनी चष्मा सावरला. "नहीं है, या देखा नहीं? दोनों अलग बात है, भैया." तेव्हापासून मामा फाटकात दिसले की तो गाडा थांबवतो आणि पालक उचलून खाली काय काय आहे ते दाखवूनच उत्तर देतो. आणखी एक. खगोलवाल्यांच्या दिवसमोजणीत तारीख मध्यरात्री बदलत नाही. रात्रीचे दोन तुकडे होऊ नयेत म्हणून ती ग्रिनिचच्या भर दुपारी बदलते, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला. मामांनी ही पद्धत घरातही लागू केली. मामींच्या वाढदिवसाला आम्ही सहाच्या सुमारास केक घेऊन पोहोचलो, तर दारातच स्वागत झालं, "उशीर केलात. वाढदिवस संपला!" मामी आतून म्हणाल्या, "केक आण गं तू. यांना उद्या देऊ."

आकाश मात्र मामांच्या शिस्तीत कधी आलं नाही. आधी ते स्कूटरवरून चिनहटच्या पुढे, मोकळ्या शेतांकडे जायचे. तिकडेही कारखान्यांचे दिवे आले तेव्हा गच्चीच बरी म्हणाले. एकदा समोरच्या लॉनवर लग्न होतं आणि दिव्यांच्या झालरींचा असा लखलखाट, की मामांचा तारा दिसेना. मामा तरातरा गेले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, दहा मिनिटं दिवे बंद करा. आमच्या साताऱ्याकडे यावर हातघाई झाली असती. इथं त्या गृहस्थांनी मामांचा हात हातात घेतला. "ज़रूर, साहब, ज़रूर. पहले आप कुछ खा तो लीजिए." शेवटच्या गोडापर्यंत, शाही टुकड्यापर्यंत, पोहोचेतो तारा मावळला होता. मामांनी घरी येऊन प्रामाणिकपणे नोंद केली : निरीक्षण नाही, जेवण.

मग मामांच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. मधलं दिसणं गेलं, कडेचं तेवढं उरलं. मामी रडल्या. मामा मला म्हणाले, "आता नवीन काही व्हायचं नाही. आहे ते नीट जागी लावू." इंटरनेटवर ताऱ्यांच्या याद्यांचा एक सार्वजनिक संग्रह आहे. तिथे आपली यादी नोंदली की जगातला कुणीही ती उतरवून घेऊ शकतो, वापरू शकतो. मी शाळेत गणित शिकवते, म्हणून टायपिंग माझ्याकडे आलं. संग्रहाचे नियम मामांनीच लिहिले असावेत असं मला वाटू लागलं. प्रत्येक रकान्यात काय आहे, कोणत्या एककात, आणि माहिती नसेल तर काय, हे सगळं वेगळ्या फाइलीत लिहून द्यायचं. माहीत नाही तिथे शून्य लिहायचं नाही, जागा कोरी सोडायची. आपण पाठवायचं, की तिथला तपासणीचा प्रोग्रॅम खोड काढून परत पाठवायचा. मी वैतागायची, मामा खूश व्हायचे. "माणूस कडक आहे." "मामा, तो माणूस नाही, प्रोग्रॅम आहे." "असेना. वळण चांगलं आहे." अखेर यादी स्वीकारली गेली. मामींनी शिरा केला. मला वाटलं, सुटलो.

छे! दुसऱ्या दिवसापासून मामांचा फोन सुरू झाला. "काढली का कुणी चूक?" एवढी मोठी यादी आहे, म्हणजे चूक असणारच, हा त्यांचा हिशेब. "कुणी काढली नाही, याचा अर्थ कुणी उघडलीच नाही. मग मी काय आजवर भिंतीला सांगत होतो?" हे त्यांनी हसत म्हटलं, पण नंतर जेवले नाहीत. हिवाळा गेला, आंबे येऊन संपले, कुणी चूक काढेना. मामा नुसते बसायलाही गच्चीवर जाईनासे झाले. मामींनी मला स्वयंपाकघरात ओढलं. "तूच एखादी काढ ना गं! नवऱ्याची चूक मिळेना असं माझ्या संसारात पहिल्यांदाच होतंय." मी सुट्टीभर रकाने तपासले. एक सापडेल तर शपथ. मला तर त्या नेमकेपणाचा रागच आला.

आणि गेल्या आठवड्यात मेल आलं. कुठल्याशा दूरच्या देशातली विद्यार्थिनी. मंद होणाऱ्या एका ताऱ्यावर अभ्यास करताना तिनं मामांची यादी ओळ न् ओळ लावून पाहिली होती. तिनं संकोचानं लिहिलं होतं, की एके ठिकाणी दोन ताऱ्यांचे आकडे एकमेकांच्या जागी पडलेत असं वाटतं, बाकी सगळं तिच्या कामी आलं. मी धावतच गेले आणि वाचून दाखवलं. मामांनी चुकीचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला, आणि पुन्हा. कौतुकाचं वाक्य वाचायला घेतलं तर म्हणाले, "ते राहू दे." मामी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "ते आकडे लिहिले त्या रात्री मीच वर येऊन बडबडले असेन." मामा एकदम ताठ बसले. "अजिबात नाही. चूक माझी आहे." इतक्या थाटात चूक कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि मला इतका आनंद झाला की मी मामींना मिठीच मारली.

मग मामांनी मला उत्तर लिहायला बसवलं. मराठीत सांगतो, इंग्रजी तू कर, म्हणाले. "लिही. चूक मान्य आहे, दुरुस्ती पाठवतो, आभार." मी लिहिलं. मामा माझ्याकडे वळले. नजर माझ्या जराशी बाजूला, कारण समोरचं माणूस आता त्यांना कडेनंच दिसतं. मी विचारलं, पाठवू?

"थांब," मामा म्हणाले. "तिला म्हणावं, आणखीही असतील. बघत राहा."