काकी बसल्याशिवाय गाडी हलेना

मी मूळचा कुरुळीचा, चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मशीन बंद पडलं की त्याला कारण असतंच, ते शोधणं हे माझं रोजचं काम... त्यामुळे कारण नसलेले चमत्काराचे किस्से कोणी सांगितले की मी उठून चहाला जायचो. पण हे माझ्याच दारात, सकाळी साडेनऊला, लख्ख उन्हात घडलं.

धाकट्या बहिणीचं, सोनलचं लग्न होतं. कार्यालय निघोज्यात. वऱ्हाड पुढे गेलेलं, नवरी माझ्या गाडीत. घरी मागे एकटी काकी. आई लवकर गेली, तेव्हापासून आम्हा दोघांना तिनेच वाढवलं. काका गेल्यापासून मात्र ती कुठल्याच कार्यात पुढे येत नाही. "तुमी व्हा म्होरं, मी अक्षता पडल्यावर येते," म्हणाली. सगळ्यांना कारण कळत होतं – आणि मीही तिला चल म्हटलं नाही.

चावी फिरवली. सेल्फ फिरतोय, इंजिन पकडत नाही. बॅटरीचे टर्मिनल घासले, फ्यूज पाहिले. शेजारचा संतोष, गॅरेजवाला, धावत आला. त्याने प्लग काढून पाहिला – करंट होता. पेट्रोलही येत होतं. दुसरी गाडी बोलावली, ती चाकणच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेली. मुहूर्त जवळ येत चाललेला, सोनल रडकुंडीला...

काकी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सोनलच्या मुंडावळ्या सरकल्या होत्या, त्या नीट करायला मागच्या सीटवर टेकली. मी सहज चावी फिरवली – पहिल्या झटक्यात स्टार्ट!

"चला, झालं बाई," म्हणत काकी उतरली. गाडी बंद.

पुन्हा सेल्फ मारला, काही नाही. संतोष त्याच जागी बसला, दार आपटून पाहिलं, वायरी हलवल्या... ढिम्म. शेवटी तोच म्हणाला, "काकी, जरा बसा बरं परत." ती बसली, मी चावी फिरवली – गाडी चालू!

सोनलने काकीचा हात घट्ट धरला. "आता उतरलीस तर मी पण उतरते!"

"अगं, लुगडं तरी बदलू दे..."

"तशीच चल!"

मी गिअर टाकला. निघोज्यापर्यंत दोघी रडत होत्या अन् हसत होत्या. काकी सोनलच्या शेजारी उभी राहिली, सगळ्यांच्या आधी तिच्या अक्षता पडल्या. कोणी हरकत घेतली नाही. जेवणानंतर बँड वाजला, तेव्हा तर ती नाचलीसुद्धा!

दुसऱ्या दिवशी संतोषने स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही. त्यानंतर गाडी कधीच अडली नाही, काकी असो वा नसो. मला आजही याचा उलगडा झालेला नाही.

परवा काकीलाच विचारलं. शेंगा सोलता सोलता म्हणाली, "गाडीचं मला न्हाई ठाव. पर मला यायचं हुतं रं... लई यायचं हुतं."