मुग्धाचे अजगर

घरातलं एक माणूस अजगर सांभाळत असलं की किस्से शोधावे लागत नाहीत, रोज जेवताना पानात पडतात. सिंगापूरमध्ये घरी साप पाळायला बंदी आहे. माझी बायको मुग्धा एका प्राणिउद्यानात अजगर सांभाळते, त्यांची पिल्लं वाढवते. मी रॅफल्स प्लेसला बँकेच्या आयटीत आहे. मित्रमंडळींत माझ्या कामाबद्दल कुणी विचारत नाही, आणि खरं सांगू, मला ते आवडतं.

पुण्याहून आई आली, तेव्हा मुग्धाने तिला आपली सगळ्यात मोठी बर्मीज अजगराची मादी दाखवली. त्या मादीला तिथे सगळे मॅडम म्हणतात. आई काचेपाशी बराच वेळ उभी राहिली.

"हिला खायला काय?"

"ससा. महिन्यातून एकदा."

आई म्हणाली, "महिन्यातून एकदा वाढायचं, आणि तरी तू एवढी दमून येतेस?"

एकदा मॅडमचं वजन करायचं होतं. तिला उचलायला माणसं ओळीने उभी राहतात. त्या दिवशी एक जण कमी होता आणि मी मुग्धाला डबा द्यायला गेलो होतो. मला शेपटीकडे उभं केलं. शेपटीकडेच का, ते मॅडमने माझ्या ऑफिसच्या शर्टावर समजावून दिलं. दुपारच्या मीटिंगला माझ्या दोन्ही बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

आम्ही राहतो त्या हौगांगला, इमारतीखालच्या नाल्यात एका सकाळी रानातला अजगर आला. सर्प पकडणाऱ्या पथकाला फोन करायच्या आधी शेजारचे अंकल आमच्याकडे धावत आले. पथक येईपर्यंत मुग्धा लोकांना मागे सारत राहिली.

"लांब उभे राहा, तो घाबरलाय."

अंकल इथल्या इंग्रजीचं नेहमीचं 'लाह' शेपूट जोडून म्हणाले, "आय ऑल्सो स्केर्ड, लाह."

मग मॅडमने अंडी घातली. आधीच्या खेपेला उबवणीच्या मशीनमध्ये ठेवलेली अंडी फुकट गेली होती. मुग्धाचे साहेब मिस्टर लिम तरीही मशीनच म्हणत होते. मुग्धा अडून बसली. "तिची अंडी तिच्याजवळच राहू द्या."

"वाया गेली तर जबाबदार तू," लिम म्हणाले.

मॅडम अंड्यांभोवती वेटोळं घालून बसली. अंग थरथरवून ती त्यांना ऊब देत होती. तिने खाणं सोडलं, आणि इकडे मुग्धाचंही जेवणात लक्ष नसायचं. दोनेक महिन्यांनी कवचं फुटली, पिल्लं बाहेर आली. एक अंडं मात्र तसंच राहिलं, वर खड्डा पडलेलं.

लिम म्हणाले, "टाकून दे."

मुग्धाने टाकलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मला व्हिडिओ कॉल लावून फोन टेबलावर उभा करून ठेवला. कवचाला चीर गेली होती आणि चिरेतून इवलंसं नाक बाहेर आलं होतं. मी मीटिंग सोडून जिन्यात उभा राहून बघत होतो.

लिम आले. आजवर कुणाचं कौतुक न केलेला माणूस. पिल्लू पूर्ण बाहेर येईपर्यंत ते शेजारी उभे होते. मग त्यांनी खिशातून आपला फोन काढून बायकोला लावला आणि पिल्लू दाखवलं. पलीकडून बायकोने विचारलं, "याची आई कोणती?"

समोरच्या काचेमागे मॅडम पसरलेली होती.

लिमनी फोन मुग्धाकडे वळवला. "धिस वन, लाह."