माय म्हणे, पाळणा गोल फिरतो

भूत, भानामती, करणी... यांवर माझा काडीचा विश्वास नाही. आमच्या घराण्यातला मी पहिला ग्रॅज्युएट, तोही बी.एस्सी. हे अभिमानाने सांगतो. म्हणूनच ही गोष्ट अजून डोक्यातून जात नाही.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. जळगाव जामोदला आमच्या घरी बहिणीच्या पहिल्या मुलाचं बारसं होतं. भरदुपार, घर बायकांनी भरलेलं. रिवाजाप्रमाणे आधी पाळण्यात वरवंटा ठेवून झोका दिला. समोर भिंतीशी बसलेली माय एकदम ओरडली,

"थांबवा! पाळणा गोल फिरून राह्यला. लेकराले त्यात टाकू नका!"

बहिणीच्या सासूबाई म्हणाल्या, "विहीणबाई, भांग घेतली काय? सरळ तर जाऊन राह्यला!"

"माह्याकडे येते अन् मांगं जाते. मले दिसते ना!"

सासूबाई उठल्याच. "डोकं फिरलेल्या बाईजवळ सून-नातू ठेवत नसतात. आजच्याच मोटारीनं नेऊ."

बहीण रडायला लागली. ओली बाळंतीण ती!

मी मायला समजावलं, "माय, उजव्या डोळ्यानं तुला अंधुक दिसतं, म्हणून..."

"अंधुक दिसते. वाकडं नाही दिसत."



माझ्या खिशात काळा गॉगल होता – खामगावहून हौसेनं घेतलेला, पण एसटीत डाव्या डोळ्याची काच पडून गेलेली. मेहुण्यांनी टोमणा मारला, "घाला साहेब, कॉलेजचा चष्मा! पाहा बरं, गोल दिसते काय!"

रागातच घातला आणि मायशेजारी बसलो. कुणीतरी पाळणा हलवला... डावी-उजवीकडे जाणारा तो पाळणा माझ्याकडे येत होता, वळत होता, मागे जात होता. गोल! गॉगल काढला – सरळ. घातला – गोल.

बहिणीच्या सासूबाईंना शेजारी बसवलं आणि गॉगल त्यांच्या डोळ्यांवर चढवला.

"अव माय वं!" त्या मागे सरकून भिंतीला टेकल्या. गॉगल काढून त्यांनी मायचा हात धरला. "विहीणबाई, तुमचं डोकं ठिकाणावर हाये."

नातवाचं नाव त्या दिवशी मायच्या मांडीवरच ठेवलं. बहीणही राहिली.

पुढे मी दोरीला दगड बांधून झुलवला आणि तोच गॉगल घालून पाहिला. तेच! आमच्या प्रोफेसरांना विचारलं, ते नुसते हसले. काळ्या काचेनं एक डोळा मायसारखा अंधुक व्हावा, हे कळतं. सरळ वाट गोल कशी होते? आजवर मला उलगडलेलं नाही.

मायला मात्र फिकीर नव्हती. म्हणे, "समजून काय करायचं बाप्पा? तुले दिसलं ना!"