चाळीसपैकी नऊ

शाळेत बाईंचं खरं नाव कुणी घेत नसे. मुलं त्यांना 'पुढे-काय बाई' म्हणत. नववी-दहावीचं कुठलंही पोर समोर बसलं की बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "मग, पुढे काय?" आणि पोरं छताकडे बघायला लागत, जणू उत्तर पंख्याला टांगलंय.

त्यांची खोली जिन्याखाली होती, खेळाच्या सामानाला लागून. व्यायामाच्या गाद्यांचा कुबट वास, दोन खुर्च्या, एक लोखंडी कपाट आणि भिंतीवर निरनिराळ्या अभ्यासक्रमांची पत्रकं. गणिताचे सर येता-जाता टोमणा मारत, "आम्ही घसा कोरडा करायचा आणि ह्यांनी नुसती तोंडाची वाफ दवडायची." बाई हसून सोडून देत, पण ते वाक्य त्यांना लागे. रोज लागे.

खरं तर त्यांना माणूस वाचता येई. दुसरा प्रश्न त्या फार बेताने विचारत, "कुणी सांगितलं नाही तरी तू आपणहून काय करतोस?" एक मुलगा म्हणाला, घरातल्या सगळ्यांचे केस मीच कापतो. आज त्याच्या दुकानात नंबर लावून बसावं लागतं. एक मुलगी म्हणाली, मी भांडणं लावते. ती वकील झाली. अशी किती उदाहरणं सांगावीत! पण हे सगळं बाईंच्या नजरेवर चालायचं, आणि नजरेला पुरावा नसतो.

मग एका वर्षी छापील कलचाचणी आली. शेजारच्याचं बघून लिहू नये म्हणून तिचे दोन प्रकार होते, 'अ' आणि 'ब'. प्रत्येकाची पुठ्ठ्याची एक जाळी होती, चाळीस भोकांची. उत्तरपत्रिकेवर जाळी ठेवायची, भोकातून जेवढ्या खुणा दिसतील तेवढी उत्तरं बरोबर. बाईंना अगदी हात आभाळाला लागल्यासारखं झालं. आता कुणी तोंडाची वाफ म्हणून दाखवावं! आता हातात आकडा होता.

त्याच वर्षी त्यांच्यासमोर खुडबुडी आली. हे वर्गाने ठेवलेलं नाव. पंधरा वर्षांची, काटकुळी, नखांत कायम काळं. तिचे वडील गाड्या दुरुस्त करायचे, आणि रविवारी ही त्यांच्याबरोबर इंजिनात डोकं घालून बसायची. आठवडाभरापूर्वीच शाळेची घंटा बंद पडली होती. वीजवाला येईपर्यंत हिने स्टुलावर चढून ती वाजती केली. बाई खाली स्टूल धरून उभ्या होत्या. म्हणजे डोळ्यांनी बघितलं होतं त्यांनी.

आणि कलचाचणीतल्या यंत्रांच्या पेपरात खुडबुडीला चाळीसपैकी नऊ गुण मिळाले.

बाईंनी दोनदा मोजले. नऊच. त्यांनी बापलेकीला बोलावलं. वडील हात धुऊन आले होते, तरी खुर्चीला डाग लागेल म्हणून कडेला टेकले. "तिला गाड्यांचं शिकायचंय, बाई. मी म्हटलं, आधी बाईंना विचारू. आम्हाला काय कळतंय."

बाईंनी कागद पुढे सरकवला. "आवड असणं वेगळं आणि डोकं असणं वेगळं. हिचा त्यात जीव रमणार नाही, पुढे फार त्रास होईल. बोलणं गोड आहे, दुकान, ऑफिस असं काहीतरी बघू." घंटेची आठवण त्यांना झाली नव्हती असं नाही. पण छापील कागदापुढे स्वतःच्या डोळ्यांची त्यांना लाज वाटली. वडील उठून पाया पडायला वाकले, तेव्हा बाईंनी त्यांना घाईने अडवलं.

ह्याला एकोणीस वर्षं झाली. निवृत्तीला आठवडा राहिला तेव्हा बाई जुने कागद फाडायला बसल्या आणि ती पत्रिका हातात आली. कोपऱ्यात 'ब' लिहिलं होतं. तपासताना केलेल्या नऊ लाल खुणा मात्र काहीतरी चुकीच्या ठिकाणी वाटत होत्या. बाईंनी कपाटातून जाळ्या काढल्या. 'अ'ची जाळी ठेवली, तर प्रत्येक लाल खूण भोकात नेमकी बसली. मग 'ब'ची ठेवली. पेन्सिलीचं टोक टेकवत एकेक खूण मोजली. सदतीस. त्या वर्षी संपूर्ण शाळेत एवढे कुणालाच नव्हते. पोरगी त्या दिवशी उशिरा आली होती, पत्रिका शेवटी दिली, आणि ती चुकीच्या गठ्ठ्यावर पडली. बस, एवढंच झालं होतं.

घरी थोरल्या बहिणीला त्यांनी सगळं सांगितलं. दोघीच राहत.

"फाडून टाक," आक्का म्हणाली. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आक्का, तो कागद तिचा आहे गं."

"आणि संसार? तोही तिचाच आहे ना? तुझी जळजळ थांबावी म्हणून तिच्या पोटात निखारा घालणार तू?"

तीन दिवस बाई तो कागद पर्समध्ये घालत आणि काढत राहिल्या. सांगावं तर तिचं दुःख, न सांगावं तर चोरी. चौथ्या दिवशी त्या निघाल्या.

खुडबुडी कापडाच्या दुकानात होती. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. ती कापडाचं ठाण गुंडाळत होती, नखं स्वच्छ. बाईंना बघून तिने पटकन स्टूल पुढे केलं. "बाई! बसा ना. अजून पोरांना 'पुढे काय' विचारता?"

बाईंनी कागद आणि दोन्ही जाळ्या टेबलावर ठेवल्या आणि एका दमात सांगून टाकलं. खुडबुडीने स्वतः जाळी उचलली. ठेवली. मोजलं. पुन्हा मोजलं.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तू मला काहीही बोल."

"तुम्हाला काय बोलू?" तिने जाळी सरळ करून ठेवली. "बाई, त्याआधी बाबा दर रविवारी हाक मारायचे. 'चल गं, इंजिन उघडायचंय.' त्या दिवशी शाळेतून परतल्यापासून त्यांनी एकदाही बोलावलं नाही. मला वाटलं, त्यांना माझी लाज वाटते. मग मीही तिकडे फिरकले नाही."

"आता कसे आहेत ते?"

"गेले. सहा वर्षं झाली." तिने पदराने टेबल पुसलं, पुसण्यासारखं काही नव्हतं तरी. "शेवटी दवाखान्यात म्हणाले, 'तुला हाक मारावीशी फार वाटायची गं. रविवारी दोनदोनदा दारापर्यंत यायचो. पण बाई म्हणाल्या होत्या, तुला त्रास होईल. म्हणून परत फिरायचो. बरोबर केलं ना मी?'"

बाईंनी टेबलावरचा कागद पालथा घातला.

"मी म्हटलं, हो बाबा. बाईंचं बरोबरच होतं."